स्पंजातून सलाईनपर्यंत: वाचकांची पत्रं, जाणकारांची उत्तरं

समुद्री जीवांमधून औषधं शोधण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते आहे. ओहोटीला खडकावरचा केशरी स्पंज (खडकाला चिकटून जगणारा समुद्री प्राणी) आणला, उन्हात वाळवला आणि मिथेनॉलमध्ये अर्क काढला. दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम मात्रेला कर्करोगाच्या पेशी मेल्या. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या प्लेटवर ११ मिलिमीटरचं वलयही (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) आलं. ‘कर्करोगविरोधी आणि जिवाणूरोधक अर्क’ असा शोधनिबंध लिहायला हरकत नाही ना? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : हरकत आहे, आणि ती आत्ताच सांगितलेली बरी.

आधी आकडा बघू. निम्म्या पेशी मारायला कच्च्या अर्काची २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आतली मात्रा पुरली, तर तो अर्क पुढे न्यायचा, असा सर्वसाधारण दंडक आहे. शुद्ध संयुगासाठी हीच मर्यादा ४ मायक्रोग्रॅम धरतात. २०० ला पेशी मेल्या यावरून फारसं काहीच कळत नाही. त्या मात्रेला कितीतरी मसाल्यांचे अर्कही पेशी मारतील. शिवाय शेजारी निरोगी पेशींची ओळ लावली होती का? लावली नसेल, तर तो अर्क कर्करोगावर चालतो की सरसकट सगळ्याच पेशींवर, हे ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. ओल्या स्पंजात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि ते समुद्राचं. म्हणजे किलोभर स्पंजासोबत २८ ग्रॅमच्या घरात क्षार येतात. १०० मिली मिथेनॉलमध्ये सव्वा-दीड ग्रॅम मीठ सहज विरघळतं, त्यामुळे तुमच्या अर्काच्या वजनात मोठा वाटा मिठाचा असणार. हे मीठ पेशी मारत नाही, कारण पेशी वाढतात त्या द्रावणातच त्याहून कितीतरी जास्त मीठ असतं. पण ते वजन खोटं ठरवतं. निम्मा अर्क मीठ असेल, तर तुमचे २०० म्हणजे खरे १००. अर्क थोड्या पाण्यात विरघळवून सी-१८ किंवा एचपी-२० रेझिनच्या (संयुगं धरून ठेवणारे बारीक कण) स्तंभावर चढवा, पाण्याने मीठ धुऊन काढा, मग मिथेनॉलने उतरवा. वजन त्यानंतरच करायचं.

तिसरी गोष्ट चरबीची, आणि बहुतेक ‘शोध’ इथेच अडकतात. मोकळी मेदाम्लं स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना मारतात, मात्रा वाढली की पेशींनाही. ती ओळखायला अर्काचे भाग पाडावे लागतात. अर्क ९० टक्के मिथेनॉलमध्ये घ्या आणि हेक्झेनने तीनदा धुवा. खालच्या थरात पाणी घालून मिथेनॉल ६०-६५ टक्क्यांवर आणा, मग डायक्लोरोमीथेनने काढा. उरलेल्या पाण्यातलं मिथेनॉल उडवून ते ब्यूटेनॉलने काढा. चारही भाग वेगवेगळे तपासा. सगळा परिणाम हेक्झेनच्या भागातच सापडला, तर आधी प्रोटॉन एनएमआर (रेणूतल्या हायड्रोजनचा वर्णपट) काढा. ०.८८ आणि १.२५ पीपीएमला भलेमोठे उंचवटे आणि ५.३५ ला एक लहान गठ्ठा दिसला, तर तुमच्या हातात तेल आहे. परिणाम डायक्लोरोमीथेनच्या भागात असेल, तर मात्र पुढे जायला जागा आहे.

वलयाबद्दल. कोऱ्या चकतीवर फक्त मिथेनॉल टाकून, ती तितकीच वाळवून शेजारी ठेवली होती का? चकती पुरती वाळलेली नसेल, तर वलय द्रावकाचंच येतं. उलट, मोठे किंवा तेलकट रेणू आगरमध्ये (प्लेटवरच्या जेलीत) पसरत नाहीत, म्हणून वलय लहान आलं तरी परिणाम कमी असेलच असं नाही. वलयाचे मिलिमीटर मोजून दोन अर्कांची तुलना करणं सोडून द्या. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर मिलीला पाच लाख जिवाणू घ्या, अर्काची मात्रा दर खळग्याला निम्मी करत जा, ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा आणि वाढ थांबवणारी किमान मात्रा काढा. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवत असाल, तर पेशींच्या चाचणीत तो शेवटी अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी पिवळा रंग जांभळा करतात, त्यावरून त्या मोजायच्या) एक खळगा पेशींशिवाय, नुसता अर्क आणि एमटीटी, असा हवाच. काही अर्क पेशी नसतानाही तो रंग जांभळा करतात, मग मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात.

आता मुळातलं. उन्हात वाळवणं ही सर्वांत महाग चूक. स्पंज मेला की त्याच्यातली विकरं त्याचीच संयुगं तोडू लागतात, आणि उरलेलं ऊन पूर्ण करतं. पुढच्या वेळी स्पंज निथळून तासाभरात बर्फात ठेवा आणि पोचल्यावर उणे २० वर गोठवा. गोठवणं शक्य नसेल, तर इथेनॉलमध्ये बुडवा. २४ तासांनी ते इथेनॉल वेगळ्या बाटलीत काढा, कारण स्पंजातल्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं, आणि ताजं घाला. पहिलं फेकायचं नाही, बरीच संयुगं त्यातच उतरलेली असतात. गोठवून वाळवलेल्या १०० ग्रॅम भुग्याला मिथेनॉल आणि डायक्लोरोमीथेनचं समसमान मिश्रण अर्धा लिटर, दर वेळी २४ तास, असं तीनदा घ्या. द्रावक उडवताना पाण्याचं तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका. प्लास्टिकच्या बाटल्या, नळ्या, बुचं यांतून थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) उतरतात. वस्तुमान वर्णपटात १४९, २७९ आणि ३९१ हे आकडे दिसले, तर ते ‘नवीन संयुग’ डब्याचं आहे. असे थॅलेट समुद्री बुरशीची देणगी म्हणून छापलेले शोधनिबंध आहेत. शंका आली की कोरा द्रावक त्याच भांड्यांतून फिरवून तपासा.

आणि ‘केशरी स्पंज’ हे काही नाव नव्हे. जिवंत असतानाच फोटो काढा, मोजपट्टी ठेवून. अंगठ्याएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा राखा. फॉर्मॅलिन नको, त्यात डीएनए जातो आणि फॉर्मॅलिन आम्लधर्मी असेल तर स्पंजाच्या सांगाड्यातल्या चुन्याच्या काड्याही. नखाएवढा कण ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळून काड्या तळाशी बसतात. त्या चार-पाचदा पाण्याने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर चुना, नाही आले तर सिलिका. धुतल्याशिवाय आम्ल टाकू नका, ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीन सुटतो. ठेवलेला तुकडा पुढे मान्यताप्राप्त संग्रहात जमा करता येतो. समुद्री जीवांसाठी गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हा तसा नेमलेला संग्रह आहे.

प्रश्न : समुद्रातून इतकी गुणकारी रसायनं मिळतात, तर कंपन्या स्पंज गोळा करून औषधं का करत नाहीत? – रसायनशास्त्राचे शिक्षक, सांगली

उत्तर : गणित करून बघा, सर. जपानी शास्त्रज्ञ हिराता आणि उएमुरा यांनी १९८०च्या दशकात हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाय या स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन-बी हे पेशी मारणारं संयुग वेगळं केलं. ६०० किलो स्पंजातून मिळालं साडेबारा मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला ४८ टन. त्यापासून पुढे जन्मलेलं एरिब्युलिन हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, २१ दिवसांच्या चक्रात दोनदा देतात. मध्यम बांध्याच्या बाईचा पृष्ठभाग १.६ चौरस मीटर धरला, तर एका चक्राला साडेचार मिलिग्रॅम लागतात. औषध हॅलिकॉन्ड्रिनच असतं, तर ६०० किलो स्पंज एका रुग्णाच्या तीन चक्रांनाही पुरला नसता. न्यूझीलंडच्या कैकोउरा किनाऱ्याजवळच्या खोल पाण्यातला दुसरा स्पंज जरा उदार निघाला, तोही टनाला सुमारे ३०० मिलिग्रॅम एवढाच.

सुटका झाली ती प्रयोगशाळेत. हार्वर्डमधल्या योशितो किशी यांच्या गटाने १९९२ मध्ये हा अवाढव्य रेणू पूर्णपणे कृत्रिमरीत्या बांधला. बांधताना तयार झालेले अर्धेमुर्धे तुकडे तपासले, तेव्हा कळलं की पेशी मारण्याची सगळी ताकद रेणूच्या एका अर्ध्यात आहे. शेपटी छाटून सोपा केलेला तो अर्धा म्हणजे एरिब्युलिन. त्याला अमेरिकेत नोव्हेंबर २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ‘सोपा’ हा शब्द जपूनच घ्या. त्याच्या कृतीला साठहून अधिक पायऱ्या आहेत आणि अवकाशीय रचना नेमकी साधावी लागते अशा १९ जागा. तरीही ती कारखान्यात होते.

ट्रॅबेक्टेडिन या कर्करोगाच्या औषधाची वाट निराळी. कॅरिबियनमधल्या खारफुटीच्या मुळांवर वाढणाऱ्या एक्टिनासिडिया टर्बिनाटा या पिशवीसारख्या जीवाचा अर्क ट्यूमरवर चालतो, हे १९६९ मध्येच दिसलं होतं. रेणूची रचना उलगडायला १९९० उजाडलं, कारण टनभर जीवांतून जेमतेम ग्रॅमभर माल मिळायचा. आज ते औषध कसं होतं? स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जिवाणू टाक्यांत वाढवून त्याच्याकडून सायनोसॅफ्रासिन-बी हा कच्चा माल मिळवतात आणि उरलेल्या पायऱ्या रसायनशास्त्राने पुऱ्या करतात. युरोपात २००७ मध्ये, अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता. गंमत अशी की मूळ जीवातही हा रेणू त्याच्या अंगात राहणारे जिवाणूच बनवतात. स्पंज, पिशवीजीव यांच्या नावावर नोंदलेल्या कितीतरी संयुगांचा खरा कर्ता असाच आत दडलेला निघाला आहे.

आणि सगळ्यांत जुनं उदाहरण तुमच्या जिल्ह्यातही रोज वापरलं जात असेल. फ्लोरिडाच्या समुद्रातल्या एका स्पंजातून बर्गमन आणि फीनी यांनी १९५०च्या सुमाराला वेगळ्याच साखरेचे न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकांसारखे रेणू) काढले. नेहमीच्या रायबोजच्या जागी अरॅबिनोज. त्या नमुन्यावरून सायटारॅबिन तयार झालं आणि १९६९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगात सलाईनमधून ते अजून देतात. त्यात स्पंजाचा कणही नसतो, सगळं कारखान्यात बनतं. समुद्राने रचना दाखवली, माल नाही. म्हणून ‘संयुग सापडलं’ अशी बातमी आली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो पुढचा ग्रॅम कुठून येणार हा.

प्रश्न : पर्यटकांना समुद्रात नेण्याचा आमचा व्यवसाय आहे. संशोधनाला हवं म्हणून काही लोक स्पंज, पंख्यासारखी पोवळी काढून मागतात. द्यावी का? – मालवण

उत्तर : तुम्ही स्वतः काढून देऊ नका. पोवळी, समुद्रपंखे, समुद्रकाकडी, समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मेलेले असले तरी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टांची मांडणी बदलली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातला परिशिष्ट क्रमांक दाखवून कोणी पटवत असेल तर ते ग्राह्य नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे. तिथे काहीही काढायचं तर वनखात्याची लेखी परवानगी संशोधकाने आणायची, आणि तुम्ही तिची प्रत होडीवर ठेवायची.

जैवविविधता कायदा, २००२, त्याहून वेगळा. परदेशी व्यक्ती किंवा कंपनीला नमुना हवा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी लागते. ‘पाहुणे प्राध्यापक आहेत, एकच डबी न्यायची आहे’ ही पळवाट नाही. भारतीय कंपनीला व्यापारी वापर करायचा असेल, तर तिचा संबंध नागपूरच्या राज्य मंडळाशी येतो. पेटंटच्या वेळी नमुना कुठून आला हे सांगावंच लागतं, आणि कागद नसल्याने अर्ज अडकतात. खऱ्या संशोधकाला हे सगळं ठाऊक असतं. जो ‘कागदांचं बघू नंतर’ म्हणतो, त्याला नेऊ नका.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेतल्या तर गाठ विरघळते, असं एकाने सांगितलं. डब्यावर खाद्य परवाना क्रमांकही आहे. द्याव्यात का? – पुणे

उत्तर : नाही, निदान आईंच्या डॉक्टरांना डबा दाखवल्याशिवाय नाही. खाद्य परवाना म्हणजे ती वस्तू खाद्य म्हणून विकायला मुभा, ती कर्करोग बरा करते असा दाखला नव्हे. शेवाळातल्या फ्युकॉइडन या घटकावर प्रयोगशाळांत काम चालू आहे, पण कर्करोगाचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही. नुकसान मात्र ठोस होऊ शकतं. तपकिरी शेवाळात आयोडीन प्रचंड असू शकतं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची, आणि काही शेवाळांच्या एका ग्रॅममध्येच त्याच्या कितीतरी पट भरतं. त्याने थायरॉइड बिघडतो. फ्युकॉइडन रक्त पातळ करण्याच्या बाजूला झुकतं, आणि केमोत प्लेटलेट आधीच खाली असतात. कॅप्सूल सुरू केल्या असतील, तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. ते रागावतील या भीतीने लपवू नका.

प्रश्न : शंखातल्या गोगलगायीच्या विषापासून मॉर्फिनपेक्षा भारी वेदनाशामक निघालं म्हणतात. मग त्याची गोळी का मिळत नाही? आणि मुलं असे शंख गोळा करतात ते धोक्याचं आहे का? – दापोली

उत्तर : औषधाचं नाव झिकोनोटाइड. कोनस मॅगस या शंकूच्या आकाराच्या गोगलगायीच्या विषातला २५ अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड, गंधकाच्या तीन पुलांनी घट्ट बांधलेला. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी फिलिपिन्समध्ये या विषांवर काम सुरू केलं, आणि पुढे युटा विद्यापीठात मायकेल मॅकिंटॉश यांनी हा पेप्टाइड वेगळा केला. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या चेतापेशींतली कॅल्शियमची दारं तो बंद करतो. मॉर्फिनसारखी सवय किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारी मात्रा हा प्रश्न येत नाही.

गोळी नाही, कारण पोटात पेप्टाइड पचून जाईल, शिरेतून दिला तर मेंदूकडे पोचत नाही आणि रक्तदाब मात्र उतरतो. म्हणून पंप बसवून, बारीक नळीने थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात तो सोडतात. सुरुवात दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम किंवा कमी, कमाल १९.२. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम नव्हे. मात्रा घाईने वाढवली तर गोंधळलेपण, भास, नैराश्य येतं, म्हणून दुसऱ्या कशानेच न थांबणाऱ्या वेदनांसाठीच ते राखलेलं आहे.

मुलांना रिकामे शंख गोळा करू द्या. आतून काही हलत असेल तर हात लावायचा नाही, आणि खिशात तर मुळीच टाकायचा नाही. ‘रुंद बाजूने धरलं की डंख बसत नाही’ हे खोटं आहे, सोंड लांबून सगळीकडे पोचते. मासे खाणाऱ्या जाती सर्वांत घातक, त्यांतल्या कोनस जिओग्राफसने माणसं मेली आहेत. डंख झालाच तर अवयव हलवू न देता रुंद पट्टी गुंडाळून थेट रुग्णालय गाठा. कापायचं नाही, चोखायचं नाही. प्रतिविष उपलब्ध नाही, श्वास चालू ठेवणं हाच उपचार, म्हणून वाटेत श्वासावर लक्ष हवं.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ऑटोक्लेव्ह, शेकर आणि साधा इनक्युबेटर एवढंच आहे. या क्षेत्रात काही करता येईल का? समुद्रही दूर आहे, पाणी घरीच बनवलं तर चालेल का? – नागपूर

उत्तर : स्पंजांच्या मागे न लागता गाळातले ॲक्टिनोमायसीट (बुरशीसारखे तंतू काढणारे जिवाणू) घ्या. पुढचा ग्रॅम हवा असेल तर फ्लास्क पुन्हा लावायचा, बस्स. किनाऱ्यावरच्या कुणाकडून निर्जंतुक नळीत गाळ मागवा, बर्फात. एक मिली ओला गाळ चार मिली निर्जंतुक समुद्रपाण्यात, ५५ अंशांवर सहा मिनिटं ठेवा. त्याने नाजूक जिवाणू मरतात आणि बीजाणू टिकतात. जोरात हलवून ५० मायक्रोलिटर प्लेटवर पसरा. माध्यम लिटरला असं : स्टार्च १० ग्रॅम, यीस्ट अर्क ४, पेप्टोन २, आगर १८, बाकी समुद्रपाणी. बुरशी रोखायला दर मिलीला १०० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड. ते विषारी आहे, हातमोजे घाला. २५ ते २८ अंशांवर दोन ते सहा आठवडे थांबावं लागतं, म्हणून प्लेटच्या कडा बंद करा, नाहीतर आगर वाळून पापड होतो. पहिल्या आठवड्यात उगवणाऱ्या चिकट वसाहतींकडे दुर्लक्ष करा. उशिरा येणाऱ्या, चामड्यासारख्या घट्ट, केशरी ते काळपट वसाहती उचला.

त्या जास्त हाताळण्याआधी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० वर साठा करा. शेजारच्या संस्थेत एक कप्पा मागून घ्या. वारंवार उपसंवर्धन केलं की कितीतरी जाती संयुग बनवणंच थांबवतात. द्रव माध्यमात सातएक दिवस हलवल्यावर लिटरला २० ग्रॅम एक्सएडी रेझिन घाला, काही तास फिरवा, कापडातून गाळा, पाण्याने धुवा आणि ॲसिटोनने उतरवा. मीठ इथेच सुटतं.

स्टॅफिलोकोकसवर छान वलय आलं तर लगेच पेढे वाटू नका. सॅलिनिस्पोरा अरेनिकोला ही समुद्री जात रिफामायसिन बनवते, म्हणजे क्षयाच्या जुन्या औषधाचं घराणं. केशरी-लाल रंगद्रव्य दिसलं तर ॲक्टिनोमायसिन या आधीच माहीत असलेल्या संयुगाची शंका घ्या. पेशी सरसकट मेल्या तर तशाच स्टॉरोस्पोरिनची. अर्क जवळच्या विद्यापीठात एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) चालवून घ्या आणि निकाल जीएनपीएस या वर्णपटांच्या मोफत संचाशी पडताळा. ओळखीचं निघालं तर दोन वर्षं वाचली.

समुद्रपाणी घरी चालतं. लिटरला मीठ २३.५ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइडचे सजल स्फटिक १०.६, सोडियम सल्फेट ३.९, कॅल्शियम क्लोराइडचे सजल स्फटिक १.५, पोटॅशियम क्लोराइड ०.७, खायचा सोडा ०.२, पोटॅशियम ब्रोमाइड ०.१. मीठ आयोडीनयुक्त नको. सगळं एकत्र करून ऑटोक्लेव्हमध्ये टाकलं तर पांढरा साका बसतो, कारण गरम झाल्यावर सोडा आणि कॅल्शियम एकमेकांना धरतात. कॅल्शियमचं द्रावण वेगळ्या बाटलीत निर्जंतुक करा. सोडा उकळायचा नाही, तो ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून घ्या आणि दोन्ही गार झाल्यावर मिसळा. सॅलिनिस्पोराच्या मूळ जाती साध्या पाण्याच्या माध्यमावर वाढत नाहीत. तेव्हा एक प्लेट ऊर्ध्वपातित पाण्याची लावून ठेवली, तर हाती आलेली वसाहत खरोखर समुद्रातली की नळाच्या धुळीतली, याचा अंदाजही त्याच वेळी येईल.